परिदंतदाह

दाताला आधार देणाऱ्या ऊतकांचा जंतूंमुळे होणारा दाह आणि त्यातून होणारी त्यांची झीज म्हणजे परिदंतदाह. सर्वसाधारण बोलण्यात याला पायोरिया म्हणतात. हिरडी, दाताच्या मुळावरचा सिमेंटम या कठीण ऊतकाचा पातळ थर, त्या थरापासून हाडापर्यंत गेलेले परिदंतबंधाचे तंतू आणि मुळाभोवतीचे जबड्याचे हाड असा दाताचा आधार चार घटकांचा असतो. दाह हिरडीपुरता मर्यादित असेल तर तो हिरडीदाह होय आणि तो पूर्ण बरा होतो. तंतू तुटून हाड झिजू लागले की परिदंतदाह सुरू झाला असे मानतात. हे झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून उपचाराचे यश बव्हंशी तो कोणत्या टप्प्यावर सुरू झाला यावर ठरते.

दातावर सतत साचणारा जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हे रोगाचे मूळ होय. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासणे सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. साचलेल्या थरात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट बसून त्याचे कीटण बनते. लाळग्रंथींची तोंडे जेथे उघडतात तेथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस, ते सर्वांत लवकर धरते. कीटण ब्रशने निघत नाही आणि त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर सहज बसतो.

मात्र सारख्याच अस्वच्छतेत सर्वांचे दात सारखे जात नाहीत. दात घासण्याची सवयच नसलेल्या श्रीलंकेतील ४८० चहामळा कामगारांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांमध्ये झीज मध्यम गतीने झाली आणि ११ टक्क्यांचा रोग हिरडीदाहापलीकडे गेलाच नाही. जंतू रोग सुरू करतात, पण हाड झिजते ते मुख्यतः जंतूंशी लढताना शरीरानेच पेटवलेल्या दाहामुळे, आणि हा प्रतिसाद किती तीव्र असेल ते आनुवंशिकता, तंबाखू व मधुमेह यांवर अवलंबून असते. हे लक्षात घेतले नाही तर नियमित ब्रश करणाऱ्यालाही हा रोग का होतो याचा उलगडा होत नाही.

तंबाखू येथे दुहेरी घात करते. धूम्रपानाने झीज वाढते आणि हिरडीतील रक्तस्राव मात्र कमी होतो, त्यामुळे रोगाची पहिली खूणच झाकली जाते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, भाजून पूड केलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावण्याची चाल आहे. दातांच्या दुखण्यावर उपाय म्हणून ती धरली जाते आणि निकोटिनमुळे सुटत नाही. जेथे ती वारंवार घासली जाते तेथे हिरडी मागे सरून मुळे उघडी पडतात. मधुमेहाचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. साखर आटोक्यात नसेल तर परिदंतदाह वाढतो, आणि परिदंतदाहावर उपचार झाल्यास पुढील तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीची (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या चाचणीची) पातळी सुमारे ०.४ टक्के अंकांनी उतरते असे अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसते. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे हिरड्या अधिक सुजतात. अपस्मारावरील फेनिटॉइन, प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबावरील काही औषधे यांनी त्या अवाजवी वाढतात.

रोग बहुधा दुखत नाही, आणि हीच त्याची खरी अडचण आहे. ब्रश करताना किंवा पेरूसारखे फळ चावताना रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी, दात लांब दिसू लागणे, फटी पडणे, हिरडी दाबल्यास पू येणे आणि शेवटी दात हलणे या खुणा बहुधा वर्षानुवर्षांच्या अंतराने दिसतात. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न लावण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. ती नेमकी उलटी आहे, कारण तेथेच थर साचलेला असतो. दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडी व दात यांमधील खाचेत घालून खोली मोजतात. निरोगी खाच १ ते ३ मिलिमीटर असते; ४ मिलिमीटर व त्याहून खोल जागेला कप्पा म्हणतात. हाडाची पातळी क्ष-किरण चित्रात दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार झिजेच्या तीव्रतेवरून रोगाचे चार टप्पे आणि तिच्या गतीवरून तीन श्रेणी ठरवतात.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत दंतमुळाचे १५ रोग सांगितले असून त्यांतील शीताद व उपकुश यांच्या वर्णनात रक्त येणे, दुर्गंधी आणि दात हलणे ही लक्षणे आढळतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हार्टफर्ड येथील जॉन रिग्ज मुळांवरील कीटण खरवडून काढत असत, आणि रोगाला काही काळ त्यांचेच नाव होते.

उपचाराचा गाभा आजही तोच आहे. हिरडीच्या वरचे व खालचे कीटण श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) यंत्राने आणि क्युरेट या हाताने खरवडण्याच्या हत्याराने काढतात. कप्पे खोल असल्यास जागा बधिर करून मुळांचा पृष्ठभाग स्वच्छ करतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. तोवर बरेच कप्पे उथळ झालेले असतात. जे राहतात त्यांच्यासाठी हिरडी उलगडून शस्त्रक्रिया करतात, आणि हाडाची खाच योग्य आकाराची असेल तर पडदा किंवा हाडाचे रोपण वापरून काही आधार परत मिळवता येतो. प्रतिजैविके निवडक रुग्णांनाच देतात, कारण चिकट थरातील जंतूंवर नुसत्या गोळ्या चालत नाहीत. क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या चुळा थोडे दिवस ठीक. दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बिघडते.

दात साफ करून घेतल्याने ते ढिले होतात आणि फटी पडतात, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात कीटण व सूज यांनी फटी आधीच भरलेल्या असतात. कीटण काढले आणि सूज उतरली की त्या उघड्या दिसतात, आणि कीटणाने एकमेकांना बांधले गेलेले दात काही काळ हलल्यासारखे वाटतात. थंड पाण्याची झिणझिण बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

उपचारानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते. ती सुटल्यास रोग पुन्हा उलटतो. घरी दात घासण्याबरोबर दातांमधील जागा बारीक ब्रशने स्वच्छ करणे आवश्यक असते, कारण साधा ब्रश तेथे पोहोचत नाही. दात गमावल्यावर इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवल्यानेही ही गरज संपत नाही. इम्प्लांटला परिदंतबंध नसतो, आणि पूर्वी परिदंतदाह झालेल्यांमध्ये त्याच्याभोवतीचे हाड झिजण्याचा धोका अधिक असतो.