देवाचे भय आणि देवावरील प्रीती (ख्रिस्ती श्रद्धा)

ख्रिस्ती श्रद्धेत माणूस देवासमोर कोणत्या मनाने उभा राहतो, हे सांगणाऱ्या दोन मूळ वृत्ती म्हणजे देवाचे भय आणि देवावरील प्रीती. बायबलमध्ये दोन्हींची आज्ञा आहे आणि पुष्कळदा ती एकाच श्रोत्याला एकाच दमात दिलेली आहे. त्यामुळे ‘आधी भय, मग प्रीती’ किंवा ‘देवाला भ्यायचे की त्याच्यावर प्रेम करायचे’ अशी मांडणी कितीही सोयीची वाटली तरी मूळ वचनांना पुरी पडत नाही. ही वचने नीट वाचली असता भय दोन प्रकारचे असल्याचे दिसते. एक भय माणसाला देवापासून पळायला लावते, तर दुसरे त्याला देवाला धरून ठेवते. प्रीती पहिल्याला घालवते आणि दुसऱ्याला जन्म देते. विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपदेश, भजन, घरप्रार्थना आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) या सर्व ठिकाणी हा भेद रोजच्या जगण्याला येऊन भिडतो, म्हणून या नोंदीत सिद्धान्ताबरोबर तेथील आचाराचाही विचार केला आहे.

बायबलमध्ये भयाचा पहिला उल्लेख येतो तो लपण्याच्या संदर्भात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आज्ञा मोडल्यावर आदाम देवाची चाहूल लागताच झाडांआड दडतो आणि विचारल्यावर आपण भ्यालो असे सांगतो. सीनाय पर्वतापाशी (निर्गम २०) गडगडाट, विजा आणि धुमसणारा डोंगर पाहून इस्राएल लोक थरथर कापत दूर उभे राहतात, तेव्हा त्यांचा पुढारी मोशे त्यांना म्हणतो की भिऊ नका, देवाचे भय तुमच्यासमोर राहावे आणि तुम्ही पाप करू नये म्हणूनच तो आला आहे. एकाच वाक्यात भय सोडायला आणि भय बाळगायला सांगणारे हे बोल वरवर विसंगत वाटतात. परंतु पळवणारे भय टाकून सावध ठेवणारे भय धरावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने व पूर्ण शक्तीने देवावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, त्याच अध्यायात त्याचे भय धरण्याचीही आहे, आणि दहाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात. नीतिसूत्रे या ग्रंथात परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ मानला आहे.

या सर्वांत विलक्षण वचन स्तोत्र १३० मधील आहे. शिक्षेच्या धाकाने भय उपजते हे कोणालाही कळते, पण स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो की तुझ्यापाशी क्षमा आहे, म्हणून तुझे भय धरले जाते. येथे भयाचे कारणच क्षमा आहे. ज्याला क्षमा मिळाली त्याला शिक्षेची धास्ती उरत नाही. ज्याने एवढी मोठी क्षमा केली त्याचे मन आपल्या हातून पुन्हा दुखावले जाऊ नये, ही काळजी मात्र त्याच्या मनात घर करते, आणि ही काळजी प्रीतीवाचून येऊच शकत नाही. भय आणि प्रीती यांच्या संबंधाविषयी पुढे जे जे लिहिले गेले, त्याचे बीज या एका वचनात आहे.

बायबलच्या दोन भागांपैकी जुना करार भयाचा आणि नवा करार प्रीतीचा, अशी वाटणी नेहमी ऐकू येते. दुसऱ्या शतकात मार्सियन याने ती टोकाला नेली व दोन करारांचे दोन वेगळे देव मानले; रोमच्या मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. प्रत्यक्षात येशूच्या शिकवणीतही दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करण्यास जो समर्थ आहे त्याला भ्या, असे तो शिष्यांना बजावतो आणि त्याला लागूनच चिमण्यांचा दाखला देऊन, तुमच्या डोक्यावरचे केसदेखील मोजलेले आहेत, तेव्हा भिऊ नका, असा धीर देतो. मार्काच्या चौथ्या अध्यायात शिष्य वादळात घाबरतात, पण येशूने वादळ शमवल्यावर त्यांना त्याहून मोठी भीती वाटते. पहिली भीती जिवाची होती, तर दुसरी आपल्याबरोबर नावेत कोण बसले आहे हे उमगल्याची होती. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की तुम्हाला पुन्हा भीतीत लोटणारा दास्याचा आत्मा मिळालेला नाही, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो तो दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. तोच पौल फिलिप्पैकरांना भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगतो. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हे योहानाच्या पहिल्या पत्रातील वचन सर्वांच्या तोंडी असते, मात्र भीतीमध्ये शासन (म्हणजे शिक्षा) असते, हे त्याच वचनात दिलेले कारण उपदेशात बहुधा गळून जाते. प्रीती घालवते ती शासनाची भीती, हे त्या कारणावरून स्पष्ट होते.

योहानाच्या या पत्रावरील प्रवचनांत प्राचीन मंडळीचा धर्माचार्य ऑगस्टीन (३५४–४३०) याने सुई-दोऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. शिवताना सुई आधी शिरते, पण ती पलीकडे निघाल्याशिवाय दोरा येत नाही. तसे भय प्रथम मनात शिरते ते तेथे राहण्यासाठी शिरत नाही, प्रीतीला आत आणण्यासाठी शिरते. तरीही स्तोत्र १९ मध्ये परमेश्वराचे भय शुद्ध असून सर्वकाळ टिकते असे म्हटले आहे, याची जाणीव ठेवून ऑगस्टीनने शुद्ध भय निराळे मानले. मध्ययुगीन धर्मपंडित टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) याने हाच भेद दासाचे भय आणि पुत्राचे भय अशा नावांनी नेमका केला. दास शिक्षेला भितो, पुत्र पित्यापासून दुरावण्याला भितो. प्रीती वाढते तसे पहिले भय ओसरते आणि दुसरे वाढत जाते. नरकाच्या भीतीने झालेला अपूर्ण पश्चात्तापही देवाचेच देणे आहे, असे कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ठरवले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचा अर्थ सांगताना देवाचे भय धरावे व त्याच्यावर प्रीती करावी, हे सूत्र प्रत्येक आज्ञेशी जोडले. घरातील मुलांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने दोन्ही शब्द एकत्र ठेवले, हे फार महत्त्वाचे आहे.

विदर्भात हे विचार निरनिराळ्या वाटांनी आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट आणि वाशीम-बुलढाणा भागात नाझरीन मंडळीने काम केले. या दोन्ही मंडळ्या मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याच्या परंपरेतील असल्याने त्यांच्या उपदेशात ‘पूर्ण प्रीती’वर विशेष भर असतो. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये आणि अमरावतीचा १९५५ मध्ये स्थापन झाला. त्यांच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापी माणूस शिक्षेच्या भयाने खंत करतो, पण त्याहून अधिक, सर्वस्वी चांगल्या अशा देवाला आपण दुखावले म्हणून खंत करतो. १९५३ ते १९८३ या काळात यवतमाळला असलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत वेगवेगळ्या मंडळ्यांच्या पाळकांचे शिक्षण झाले, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली.

खेड्यातील श्रोत्याच्या कानी हा उपदेश पडतो तेव्हा त्याच्या मनाची पाटी कोरी नसते. ‘देवाचं भेव ठेव’ हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. रोगराईत मातामाय या ग्रामदेवीचा कोप होऊ नये म्हणून केलेले नवस त्याने पाहिलेले असतात, आणि रिद्धपूरचे महानुभाव किंवा पंढरीला निघालेली दिंडी यांमुळे देवावर जीव लावणारी भक्तीही त्याला परकी नसते. काही काळ नागपुरात राहिलेले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या वळणाने मांडली, त्यामुळे प्रीतीची भाषा मराठी मंडळ्यांना आयती मिळाली. भयाच्या भाषेला तशी घडण मिळाली नाही, आणि म्हणूनच उपदेशात ती अनेकदा कोपाच्या जुन्या कल्पनेकडे घसरते.

वेचणीच्या दिवसांतल्या घरप्रार्थनेत दोन्ही वृत्ती जवळून पाहता येतात. आतल्या खोलीत कापसाचा ढीग असतो, म्हणून माणसे ओसरीवर सतरंजी टाकून बसतात. पवित्र शास्त्र फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेले असते. ते काढताना हात धुतले जातात, बायका डोक्यावर पदर घेतात आणि पुस्तक कोणी जमिनीवर टेकवत नाही. त्यानंतरची प्रार्थना मात्र ‘हे बापा’ अशी सुरू होते आणि सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, आटलेली विहीर, सारे काही घरच्या माणसापाशी मन मोकळे करावे तसे बोलले जाते.

भयाचा सर्वांत मोठा विपर्यास संकटाच्या वेळी होतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस खाल्ला. कोरडवाहू शेतीत पावसाचा खंड आणि गारपीट हे तर पाचवीलाच पुजलेले. अशा वेळी, हे तुमच्या पापाचे फळ आहे, असा उपदेश करणे शास्त्राला धरून नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून येशूनेच नाही असे उत्तर दिले (लूक १३), आणि जन्मांध माणसाच्या बाबतीत, पाप कोणाचे, हा प्रश्नच बाजूला सारला (योहान ९). ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधणाऱ्या मित्रांना देवाने दोष दिला. लूकच्या त्याच उताऱ्यात पश्चात्तापाची हाक आहे हे खरे, पण ती वाचलेल्यांना दिलेली आहे. मेलेल्यांवर ठपका ठेवण्यासाठी ती वापरता येत नाही. ज्या घरात कर्त्या माणसाने कर्जापायी जीव दिला, तेथे देवाच्या कोपाची भाषा बोलणे तर निष्ठुरपणाच होय.

भय आणि प्रीती यांचा सर्वांत निकोप मेळ प्रभुभोजनाच्या वेळी दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, माणसाने स्वतःची परीक्षा करून मगच भाकर खावी, असे सांगितले आहे. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भावाशी वैर असलेला माणूस पुष्कळदा त्या दिवशी भाकर न घेता बाकावर बसून राहतो. त्याला अडवलेले कोणी नसते, त्याचेच मन तयार होत नाही. जाणता पाळक त्याला धाक घालत नाही आणि काही बिघडत नाही असेही म्हणत नाही. येशूने वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले (मत्तय ५), त्याची आठवण देऊन तो त्या आठवड्यात दोन्ही घरी जातो. धुऱ्याची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयातर्फे व्हायची तेव्हा होते आणि त्यात पाळक पडत नाही. दोघा भावांची बोलचाल सुरू व्हावी आणि पुढच्या प्रभुभोजनाला दोघांनी पुढे यावे, एवढाच त्याचा आग्रह असतो.