प्लग लावण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबड लिंक रोडच्या भंगारात किंवा पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत अजूनही कधी कधी व्हिडिओ गेमची उभी पेटी सापडते. तळ फुगलेला, काच धुरकटलेली, जॉयस्टिक तुटलेली आणि आत उंदरांचं घरटं. अशी पेटी घरी आली की पहिला हात प्लगकडे जातो. तो तिथेच आवरा. फुगलेलं लाकूड, तुटलेली बटणं, फाटलेले स्टिकर हे सगळं परत मिळवता येतं. पिक्चर ट्यूब, तिची चॅसिस (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड) आणि गेमचा बोर्ड मात्र एकदा जळले की तसेच दुसरे मिळणं फार अवघड. आणि ते बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात जळतात.

कारण साधं आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि वीज अडवण्याचं काम तोच करतो. वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिल्यावर हा थर कमजोर होतो. त्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की गळती सुरू होते, कपॅसिटर तापतो, कधी फुटतो आणि जाताना पुढचे भागही घेऊन जातो. त्यात उंदरांच्या मुतानं गंजलेल्या तारा आणि पावसाळ्यात मुरलेली ओल यांची भर पडते. म्हणून पेटी आधी सुटी करायची, प्रत्येक भाग वेगळा तपासायचा आणि मगच जोडायची.

मागचं दार उघडलं की पहिलं काम पिक्चर ट्यूबचं. ही ट्यूब स्वतःच एक कपॅसिटर आहे. काचेला आतून आणि बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो आणि मधली काच वीज अडवते. चालू असताना 20 इंची रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे रबरी टोपीखालच्या टोकावर, 20 ते 25 हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही भार काही काळ टिकतो. वर्षभर पडून असलेल्या ट्यूबमध्ये तो बहुधा उरलेला नसतो, पण पुढे चाचणीसाठी ती चालू-बंद कराल तेव्हा दर वेळी असेल. त्यामुळे सवय आत्ताच लावून घ्या. लांब दांड्याचा, प्लास्टिक मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याच्या धातूच्या दांड्याला तार बांधून तारेचं दुसरं टोक क्रोकोडाइल क्लिपनं ट्यूबच्या पाठीवर ताणून बसवलेल्या उघड्या तारेच्या वेणीला लावा. क्लिप सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला लावू नका, झटक्यानं आयसी जातात. एक हात पाठीमागे ठेवा, म्हणजे चुकलंच तर वीज छातीतून आरपार जाण्याची वाट राहत नाही. आता पातं रबरी टोपीखाली सरकवत आतल्या धातूच्या आकड्याला टेकवा. ‘चट्’ आवाज येईल किंवा येणार नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला भार थोडा थोडा परत वर येतो.

चॅसिसवरचा मोठा फिल्टर कपॅसिटर वेगळा. आपल्याकडचे 230 व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर (एसीचे डीसी झाल्यावर) त्याच्यावर सुमारे 325 व्होल्ट साठतात. तो स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. 2.2 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांवर काही सेकंद धरा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. ट्यूब काढताना दोघं असा, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ती पडद्याच्या बाजूनं धरा आणि पडदा खाली करून घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. तिच्या बारीक मानेला धरून कधीही उचलू नका. मान तुटली की हवा आत शिरते आणि ट्यूब कायमची संपते. फुटलेली ट्यूब घंटागाडीत टाकायची नाही. तिच्या काचेत शिसं असतं, ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्या.

आता लाकूड. अशा पेट्या बहुतेक वेळा खालून मरतात. फरशी पुसताना पाणी लागतं, पावसाळ्यात भिंतीची ओल येते आणि पार्टिकल बोर्डचे कण फुगून सुटे होतात. हे कण ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदानं बांधलेले असतात त्याचे बंध पाण्यानंच तुटतात, त्यामुळे वाळवून तो भाग पूर्ववत होत नाही. वर फेव्हिकॉल ओतून काही साधत नाही. बोट दाबून जिथपर्यंत भुगा होतो तिथून 5 सेंटिमीटर वर सरळ रेघ मारा आणि कापून टाका. 18 मिलिमीटरच्या पाखीला (बाजूच्या फळीला) अर्ध्या जाडीचा, म्हणजे 9 मिलिमीटर खोल आणि 50 मिलिमीटर रुंद सांधा काढा. तसाच सांधा आयएस 710 शिक्क्याच्या मरीन प्लायच्या नव्या तुकड्याला काढा. गोंद लावून शिकंज्यात रात्रभर धरा आणि आतून 16 मिलिमीटरचे स्क्रू लावा. बाहेरून लांबी (पुट्टी) भरून 80, 120, 220 अशा क्रमानं पॉलिश पेपर मारा. नव्या तळाच्या कडा रंगवण्याआधी प्रायमरनं बंद करा, पाणी कडेतूनच चढतं. खाली स्क्रूचे पाय लावून पेटी फरशीपासून 2 सेंटिमीटर उचला. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर पाखी घरात आणण्याआधीच वाळवीनाशक मारून घ्या.

घासण्याआधी बाजूच्या चित्रांचे फोटो आणि ट्रेसिंग पेपरवर बाह्यरेषा घ्यायला विसरू नका. वरच्या नावाच्या काचेवरचा रंग मागच्या बाजूला असतो आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. ती बाजू कोरड्या फडक्यानंसुद्धा पुसू नका. रंगकाम दसऱ्यानंतर काढा. नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

चॅसिसचा बोर्ड हातात घेतला की आधी भिंग घ्या. मागच्या बाजूला ईएचटी (ॲनोडचं मोठं व्होल्टेज बनवणारा) ट्रान्सफॉर्मर, हॉरिझॉन्टल (चित्र आडवं पसरवणारा) ट्रान्झिस्टर आणि कनेक्टर यांच्या पिना शोधा आणि बोर्ड उजेडात हळूहळू तिरका करा. पिनभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ दिसली की ते ‘ड्राय सोल्डर’. पिन तापते, निवते, लांबते, आखडते आणि हजारो वेळा असं झालं की सोल्डर तिच्याभोवती चिरतं. नुसतं तापवून ते भरू नका. जुनं सोल्डर पंपानं ओढून काढा आणि कथील-शिशाचं 63:37 चं नवं घाला. ते 183 अंशांना वितळतं, तरी आयर्न 350 अंशांच्या आसपास ठेवून दोन-तीन सेकंदांत काम उरका. तांबट आळीच्या या गावात कल्हई कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड खातं आणि मग कथील पसरतं. सोल्डरमधली राळ हेच काम करते. फरक एवढाच की राळ थंड झाली की निष्क्रिय होते, नवसागराचे अवशेष मात्र महिनोन्महिने तांबं खात राहतात. त्यामुळे भांड्यांचं किंवा नळकामाचं फ्लक्स सर्किट बोर्डाला अजिबात लावू नका.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी जास्त आणि तापमान 105 अंशांचं घ्या. दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून 85 च्या जागी 105 घेणं चारपट आयुष्य विकत घेणं आहे. सगळे एकदम काढू नका. एक काढा, एक बसवा, ध्रुवता फोटोशी ताडून पाहा. हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टरजवळच्या 1600 व्होल्टच्या फिल्म कपॅसिटरला ‘साधारण तसाच’ पर्याय चालत नाही. त्याचे मायक्रोफॅरड कमी पडले तर ॲनोडचं व्होल्टेज वाढतं आणि फार वाढलं तर क्ष-किरणही.

चॅसिस पहिल्यांदा चालू करायची ती सिरीज बोर्डवर. टीव्ही दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर असतो तोच, 100 वॅटचा पिवळा फिलामेंट बल्ब मालिकेत लावलेला. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. थंड फिलामेंटचा रोध सुमारे 40 ओहम, पूर्ण पेटल्यावर 530 च्या आसपास. चॅसिसमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतः पितो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. आधी डिगॉस कॉइलचा (पडद्यात साठलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा) प्लग काढून ठेवा, नाहीतर तिच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रवाहानं बल्ब पेटेल आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसाल. परदेशी पेटी असेल तर ती 100 किंवा 120 व्होल्टची आहे का हे ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर पाहा. बऱ्याच चॅसिस थेट मुख्य विजेवर रेक्टिफाय होतात. त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालवायचंच नाही, कारण त्यांचं ‘ग्राउंड’ जिवंत असतं.

पडदा उजळला की तोच रोग सांगतो. मधोमध एकच आडवी तेजस्वी रेघ आली तर चित्र उभं पसरवणारा व्हर्टिकल विभाग बंद आहे. ब्राइटनेस लगेच उतरवा, फॉस्फर जळून कायमची रेघ उमटते. चित्राच्या कडा लाटांसारख्या हलत असतील तर मुख्य फिल्टर पाहा. चित्र सुरुवातीला आखडलेलं आणि पंधरा मिनिटांनी ताठ होत असेल तर कपॅसिटर सुकलेत. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग असेल तर जवळच्या स्पीकरचं चुंबक तपासा, मग डिगॉस करा. दोन डिगॉसमध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, आतला थर्मिस्टर थंड झाल्याशिवाय कॉइलला पुरेसा प्रवाह मिळत नाही.

गेमचा बोर्ड शेवटी. बहुतेक पेट्यांत जामा (JAMMA) या ठरलेल्या पद्धतीचा 56 टोकांचा कनेक्टर असतो, दोन्ही बाजूंना 28-28. घटकांच्या बाजूला 1 आणि 2 ग्राउंड, 3 आणि 4 वर 5 व्होल्ट, 5 वर उणे 5, 6 वर 12 व्होल्ट. सातव्या जागी खाच असते, ती उलटं लावणं टाळण्यासाठी. ती झिजली असेल तर मार्करनं खूण करा, कारण उलटा लावलेला बोर्ड वाचत नाही. सोनेरी टोकं पांढऱ्या मऊ खोडरबरनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॉलिश पेपर मारलात तर सोन्याचा थरच जाईल. आयसीवर काचेची खिडकी दिसली तर ती ईप्रॉम, म्हणजे गेम साठवणारी चिप आहे. अतिनील किरणांनी ती पुसली जाते, आणि उघडी खिडकी थेट उन्हात आठवडाभर राहिली तरी गेम नाहीसा होऊ शकतो. स्टिकर निघाला असेल तर आधी अपारदर्शक पट्टी लावा. बॅटरीभोवती हिरवट-निळा खरपुडा असेल तर ती निकेल-कॅडमियमची गळती, म्हणजे अल्कली. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावा, फेस थांबला की पाणी, मग अल्कोहोल. खरपुड्याखालची रेघ तुटली असेल तर बारीक तारेनं जोडा. एक इशारा मात्र आहे. काही बोर्डांवर गेम उलगडण्याची किल्लीच बॅटरीवर टिकलेली असते. 1993 चा कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतात तो, मूळ बोर्डावर असाच आहे. तिथे बॅटरी विचार न करता उपटायची नाही.

5 व्होल्ट कुठे मोजता यावर पुष्कळ काही ठरतं. पॉवर सप्लायवर मोजू नका, बोर्डावरच्या एखाद्या आयसीच्या पायांवर मोजा. जुन्या टीटीएल आयसींना 4.75 ते 5.25 लागतात, 5.00 ते 5.10 ठेवा. बोर्ड 4 ॲम्पिअर ओढत असेल आणि तार 0.2 चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन 2 मीटरच्या तारेतच सुमारे 0.7 व्होल्ट गळतात. 1 चौरस मिलिमीटरची तार घातली की ही गळती 0.14 वर येते. गेम मधेच अडकतो, परत सुरू होतो, चित्रांचे तुकडे होतात, आणि मंडळी आयसी बदलत बसतात. त्याहून वाईट म्हणजे सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवणं. पुढे कधी कनेक्टर साफ केला की तेच जास्तीचे व्होल्ट थेट बोर्डावर पोचतात. तार जाड करा, 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या दोन्ही जोड्या वापरा, मग स्क्रूला हात लावा.

जॉयस्टिक आणि बटणांचं काम त्यामानानं सोपं. मायक्रोस्विच मीटरच्या बझरवर तपासा, खटका झाला तरी आवाज येत नसेल तर बदला. पॅकमॅनसारख्या 1980 च्या गेमला चार दिशांचा गेट (दांड्याची हालचाल बांधणारी चौकट) लागतो. आठ दिशांचा असला तर तिरक्या ढकलीत पात्र वळणावर अडतं. धातूचं कंट्रोल पॅनल आणि नाण्याचं दार अर्थिंगला जोडा आणि तीन पिनांचाच प्लग लावा.

नाण्याच्या खाचेचं एक वेगळंच आहे. परदेशी यांत्रिक स्लॉटमध्ये लोखंडी खोटी नाणी पकडायला चुंबक असतो. आपली पोलादी नाणी त्याला चिकटतात, म्हणून तो काढावा लागतो. आणि इथेच बनलेला स्लॉट 1992 नंतरच्या 25 मिलिमीटरच्या, 4.85 ग्रॅमच्या एक रुपयासाठी लावलेला असेल, तर आजचा छोटा रुपया त्यातून तसाच खाली पडतो. 2011 पासून 2019 ची नवी मालिका येईपर्यंतचं दोन रुपयांचं नाणं मात्र नेमकं 25 मिलिमीटरचं आणि 4.85 ग्रॅमचं आहे. स्लॉटला हातही न लावता ते चालतं.