लॅटिन कवितेचा शब्दसाठा : रोमन शाळेपासून शब्दगणतीपर्यंत

सीझरची गद्य युद्धवर्णने वाचून झाली, विभक्तिरूपे तोंडात बसली, की लॅटिन शिकणारा मोठ्या उमेदीने रोमन कवी व्हर्जिलचे ‘इनीड’ हे महाकाव्य उघडतो आणि पहिल्याच पानावर अडखळतो. तलवारीला सीझर ‘ग्लाडिउस’ म्हणत होता, इथे बहुतेक वेळा ‘एन्सिस’ येतो. समुद्र म्हणजे ‘मारे’ हे पाठ असते, पण व्हर्जिलचा समुद्र सतत नाव बदलतो : कधी ‘पोन्तुस’, कधी ‘पेलागुस’, कधी ‘ऐक्वोर’ म्हणजे मुळात सपाट पृष्ठभाग, तर कधी नुसतेच ‘साल’, म्हणजे मीठ. घोडा ‘एक्वुस’ असतो तसा ‘सोनिपेस’ही असतो, टापा वाजवणारा. आपले पाठांतर कच्चे राहिले असे शिकणाऱ्याला वाटते. माझ्या मते दोष पाठांतराचा नाही. गद्य आधी आणि कविता नंतर या क्रमाचा तो परिणाम आहे, आणि हा क्रम रोमनांनी घालून दिलेला नाही.

शब्दांच्या निवडीबद्दल खुद्द सीझरचे मत प्रसिद्ध आहे. कधी न ऐकलेला, वापरात नसलेला शब्द समुद्रातल्या खडकासारखा टाळावा, असे त्याने लिहिले होते. तो ग्रंथ हरवला. दुसऱ्या शतकातल्या औलुस गेल्लिउस या लेखकाने उतरवून घेतल्यामुळे हे वाक्य तेवढे वाचले. म्हणजे सीझरवर तयार झालेल्या विद्यार्थ्याचा पहिला गुरू असा, की ज्याने अनोळखी शब्द ठरवून दूर ठेवले. त्याच्याकडून उठून विद्यार्थी थेट अशा कवीकडे जातो, ज्याला जुना, दुर्मीळ शब्द हवासा वाटत होता.

कवींना असे शब्द का लागत? एक कारण छंदाचे आहे. एन्निउस (इ.स.पू. २३९–१६९) या रोमन कवीने होमरचा षट्पदी छंद लॅटिनमध्ये आणला. त्यात प्रत्येक पद एक तर गुरू-लघु-लघु असते, नाही तर दोन गुरूंचे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर भगण चालतो, दोन गुरू चालतात, पण दोन गुरूंच्या मध्ये एकटा लघु चालत नाही. ‘इम्पेरातोर’, म्हणजे सेनापती, या शब्दाची पहिली तीन अक्षरे गुरू-लघु-गुरू आहेत, सरळ रगण. रोमच्या इतिहासावर महाकाव्य लिहायचे आणि ‘सेनापती’ हा शब्दच ओळीत मावत नाही! म्हणून एन्निउसने ‘इन्दुपेरातोर’ असे जुन्या धाटणीचे रूप वापरले. पुढे कवी लुक्रेतिउसनेही तेच उचलले. वृत्तासाठी शब्द वळवणे संस्कृत आणि मराठी कवितेच्या वाचकाला नवे नाही, पण लॅटिनमध्ये त्यातून कवितेपुरता एक वेगळा शब्दसाठाच उभा राहिला. ग्रीकांकडून आलेले सामासिक शब्द आणि बोलण्यातून गेलेले जुने शब्द त्यात मिळत गेले. उलट काही रोजचे शब्द कवींनी जवळजवळ वाळीत टाकले. स्वीडनमधल्या बेर्टिल अक्सेलसन यांनी १९४५ साली अशा ‘अकाव्यात्म’ शब्दांवर एक स्वतंत्र अभ्यासच प्रसिद्ध केला.

तेव्हा कवितेची भाषा रोमन मुलांनाही घरात ऐकून येत नव्हती, ती शाळेतच शिकावी लागे. कवी होरेसच्या लहानपणी लिविउस आन्द्रोनिकुसने केलेला ओडिसीचा लॅटिन अनुवाद शाळेत शिकवला जाई. तो तेव्हाच दोनशे वर्षांच्या आसपास जुना होता, आणि आपल्याला तो ओर्बिलिउस मास्तरांच्या माराखाली शिकावा लागला, हे होरेसने लिहून ठेवले आहे. पुढे व्हर्जिलच्याच पिढीतल्या क्विन्तुस कैकिलिउस एपिरोता नावाच्या शिक्षकाने व्हर्जिलची कविता वर्गात शिकवायला घेतली. काही दशकांतच ‘इनीड’ हे साम्राज्यभरचे क्रमिक पुस्तक झाले. ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरच्या विंडोलांडा छावणीत लाकडाच्या पातळ पट्टीवर ‘इनीड’च्या नवव्या सर्गातली एक ओळ लिहिलेली सापडली आहे, कोणाच्या तरी सरावाची असावी तशी. काळ इ.स. १०० च्या सुमाराचा.

शब्द कसे शिकवावेत, याबद्दल पहिल्या शतकातल्या क्विन्तिलिआनुस या वक्तृत्वशिक्षकाची सूचना मला आजही सर्वांत शहाणी वाटते. मुले अक्षर वळवण्यासाठी काही ना काही गिरवणारच; मग त्यांना गिरवायला नेहमीचे शब्द न देता दुर्मीळ शब्द द्यावेत, म्हणजे दुसरे काम करता करता कवितेची अवघड भाषा आपोआप पाठ होईल. वाचनाची सुरुवातही होमर आणि व्हर्जिल यांच्यापासूनच व्हावी, असे तो म्हणतो. मुलांना सगळे कळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. पुन्हा पुन्हा वाचतीलच, असे त्याचे उत्तर होते.

अडचण खरी वाढली ती लॅटिन ज्यांची मायबोली नव्हती त्यांच्यासाठी. पूर्वेकडच्या ग्रीकभाषक मुलांना कायद्यात किंवा सरकारी नोकरीत शिरायचे तर लॅटिन हवे असे. इजिप्तच्या वाळूत त्यांची पुस्तके तुकड्यातुकड्यांनी टिकली आहेत. पानावर दोन अरुंद रकाने : डावीकडे ‘इनीड’ची ओळ मोडून एका वेळी एक-दोन-तीन शब्द, उजवीकडे त्यांचा ग्रीक अर्थ. कोश नाही, यादी नाही. कविता शब्दांच्या क्रमाने चालत राहते आणि अर्थ शेजारून चालतो. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियान हा व्याकरणकार शिकवत होता. त्याने ‘इनीड’च्या बाराही सर्गांची फक्त पहिली ओळ घेतली आणि एकेका शब्दाला प्रश्न विचारले. ‘आर्मा’ हा कोणता शब्द? नाम. कोणत्या लिंगाचा? यापासून कोणते शब्द बनतात? बारा ओळींतून एक अख्खे पुस्तक झाले. जुन्या पद्धतीने पदच्छेद, अन्वय आणि रूपे करत संस्कृत शिकलेल्याला ही पाने ओळखीची वाटतील.

याची दुसरी बाजू संत ऑगस्टिनने सांगितली आहे. उत्तर आफ्रिकेत लॅटिन बोलणाऱ्या घरात ३५४ साली जन्मलेला हा मुलगा ‘इनीड’मध्ये प्रेमापायी जीव देणाऱ्या डिडो राणीसाठी रडला. ग्रीकमधला होमर मात्र त्याला कडू लागला. गोष्टी तितक्याच गोड होत्या, पण परकी भाषा शिकण्याच्या कष्टाने त्या गोडीवर जणू पित्त शिंपडले गेले, असे तो म्हणतो. शब्द पाठ करण्याच्या शिणाचे याहून खरे वर्णन मी वाचलेले नाही.

मध्ययुगाबद्दल थोडक्यात. भिक्षूंनी हस्तलिखितांच्या ओळींमध्ये आणि समासांत बारीक अक्षरांत अर्थ लिहिले. स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन इथे असलेल्या, प्रिस्कियानच्या व्याकरणाच्या नवव्या शतकातल्या प्रतीत असे हजारो अर्थ जुन्या आयरिश भाषेत आहेत. पुढे हे सुटे अर्थ गोळा करून याद्या झाल्या आणि याद्यांचे कोश झाले. शब्द कवितेच्या ओळीतून उठून वर्णानुक्रमात जाऊन बसला तो असा. जियोवानी बाल्बीने १२८६ मध्ये पुरा केलेला ‘काथोलिकोन’ हा कोश १४६० साली माइन्झमध्ये छापून निघाला, छापखान्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत.

तरीही कवितेचे शब्द पुढची सुमारे चारशे वर्षे जिवंत राहिले, कारण विद्यार्थ्यांना लॅटिन कविता नुसती वाचायची नव्हती, रचायची होती. १७ व्या शतकापासून शाळाशाळांत ‘ग्रादुस आद पार्नासुम’ नावाचे कोश वापरात होते. शब्द काढला की त्याचे लघु-गुरू, समानार्थी शब्द, शोभतील अशी विशेषणे, सगळे एका जागी. अमरकोशाने आपल्या कवींची जी सोय केली, तशीच ही. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या शाळांतून पद्यरचना हा अभ्यासाचाच भाग होता, आणि गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात १६ व्या शतकापासून जेझुइट लॅटिन शिकवत होते.

१९ व्या शतकानंतर पद्यरचना मागे पडली. आधी सीझर, मग वक्ता सिसेरो, मग व्हर्जिल हा शालेय क्रम रुळला, अमेरिकेत तर प्रवेशपरीक्षांमुळे तो घट्टच झाला. आता प्रश्न उरला तो वाचण्यापुरते किती शब्द पुरतील, एवढाच. गोन्झालेझ लॉज यांनी १९०७ मध्ये याच तीन लेखकांच्या नेमलेल्या भागांवरून शालेय शब्दसंग्रह काढला. १९३९ मध्ये पॉल डीडरिक यांनी दोन लाखांहून अधिक शब्दांची गणती प्रसिद्ध केली. निवडक दीड हजार शब्द आले, तर पाचातले चार शब्द ओळखीचे निघतात, असा तिचा निष्कर्ष. आकडा दिलासा देणारा आहे. पण व्हर्जिलच्या ओळीत साधारण सहा-सात शब्द असतात. म्हणजे दर ओळीला एक तरी शब्द अडणार, आणि अडतो तो सहसा ‘आणि’ किंवा ‘परंतु’ नसतो, तर ज्यासाठी ती ओळ लिहिली गेली तोच असतो.

क्लाइड फार यांनी १९३० साली या गुंत्यातून वाट काढली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी त्यांनी उलगडून बाहेर काढता येणाऱ्या कागदावर दिली, आणि क्वचित येणाऱ्या शब्दाचा अर्थ त्याच पानावर, कवितेच्या खाली. इजिप्तमधल्या त्या दोन रकान्यांपासून हे फार लांब नाही. आज संगणकावर शब्दाला स्पर्श केला की अर्थ उघडतो, त्यातही तोच धागा आहे. दरम्यान म्युनिकमध्ये १८९४ पासून लॅटिनचा महाकोश चालू आहे. सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवर बेतलेला हा कोश अजून पुरा व्हायचा आहे.

मराठी वाचकाच्या हाती मात्र एक शिदोरी आधीपासून असते. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते मांडले, १८१६ मध्ये फ्रान्झ बोप यांनी ते क्रियापदांच्या रूपांवरून दाखवून दिले. त्यामुळे ‘इग्निस’ला अग्नी, ‘आंग्विस’ला अही आणि लुक्रेतिउसच्या पहिल्या ओळीतल्या ‘गेनेत्रिक्स’ला जनित्री लगेच भेटते. टापा वाजवणाऱ्या ‘सोनिपेस’मध्ये स्वन आणि पाद हे दोघेही आहेत. यातही जुने शब्द जास्त जवळचे निघतात. सीझरचा ‘ग्लाडिउस’ बहुधा केल्टिक लोकांकडून आलेला, त्याच्याशी आपली ओळख नाही. गद्याने टाकून दिलेला आणि कवींनी जपलेला ‘एन्सिस’ मात्र अमरकोशात तलवारीच्या नावांमध्ये सापडतो : असि.