उलट दावा ठोकला की दिवाळखोरी टळते? अर्धंच खरं

"नोटीस आली? उलट दावा ठोका, दिवाळखोरी अडते." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपासून निपाणीपर्यंत हा सल्ला सर्रास ऐकू येतो. देणेकरी कंपनी असेल, तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेत खरा प्रश्न वेगळाच असतो: वाद नोटीस हाती पडण्याआधीचा आहे का?

समजा, फाउंड्रीने पुरवलेल्या कास्टिंगचे 1 कोटी 40 लाख थकलेत (दिवाळखोरीच्या अर्जासाठी किमान 1 कोटी थकबाकी लागते). मागणीची नोटीस मिळाल्यापासून 10 दिवसांत उत्तर द्यायचं आणि त्यात जुना वाद दाखवायचा. ब्लो-होलमुळे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या) माल परत पाठवल्याचं चलन, डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद), तेव्हाचे ईमेल. पुरवठादाराचा दिवाळखोरीचा अर्ज फेटाळला जातो तो या कागदांवर. नोटिशीनंतर चार दिवसांनी काढलेली डेबिट नोट कुचकामी. मागची तारीख टाकायचा नाद तर नकोच. त्याच मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) पूर्ण घेतलं असेल तर पितळ उघडं पडतं.

दावा जिंकाल की नाही, हे असे अर्ज ऐकणारं बेंगळुरूचं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण (NCLT) ठरवत नाही. वाद खरा आहे की नुसती हूल, एवढंच बघतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या मोबिलॉक्स निकालाने ही कसोटी घालून दिली. लवादाचा निवाडा विरोधात गेला, पण त्याला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली दिलेलं आव्हान प्रलंबित असेल, तर तोही वादच (सर्वोच्च न्यायालयाचा के. किशन निकाल, 2018).

बँकेने दिवाळखोरी संहितेच्या कलम 7 खाली अर्ज केला, तर मात्र हा बचाव सहसा चालत नाही. तिथे कर्ज होतं का आणि ते थकलं का, एवढंच पाहतात.