अटारी एकट्या 'ई.टी.'मुळे बुडाली नाही
अटारी या अमेरिकन व्हिडिओ गेम कंपनीचा 'ई.टी.' गेम आपटला, त्याच्या लाखो कार्ट्रिज (गेम भरलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्या) वाळवंटात पुरल्या आणि अटारी संपली, ही गोष्ट अर्धीच खरी. सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत माल पुरला खरा. पण २०१४ च्या खोदकामात इतर बरेच गेम निघाले, चांगले खपलेलेसुद्धा. दुखणे जुने होते. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रात दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज अडवायची सोयच नव्हती. कुणीही गेम काढून बाजारात ओतायचा. दिवाळखोर कंपन्यांचा माल पडत्या भावात विकला जाई आणि अटारीचा पूर्ण किमतीचा माल पडून राही. 'ई.टी.'च्या आधीच 'पॅक-मॅन' या गेमच्या सुमारे १.२ कोटी कार्ट्रिज बनवल्या, खपल्या ७० लाखांच्या आसपास. पाच आठवड्यांत उरकलेला 'ई.टी.' फसलाच, पण सगळे खापर त्याच्यावर कशाला? १९८३ चा तोटा ५० कोटी डॉलरांहून जास्त होता. जुलै १९८४ मध्ये अटारीची मालक कंपनी वॉर्नरने तिचा घरगुती गेम आणि संगणकांचा विभाग कमोडोर या संगणक कंपनीचा संस्थापक जॅक ट्रामिएल याला विकला.