शर्यतीची रेडिओ-नियंत्रित बगी : विद्युत सामग्रीची निवड व जुळणी

कच्च्या, उड्या-वळणांच्या धावपट्टीवर पळवायच्या लहान प्रतिकृती-मोटारीला बगी म्हणतात. तिची चाके उघडी असतात, शॉक (धक्के शोषणारे दांडे) लांब हालचालीचे असतात आणि ती दूरून रेडिओ संदेशांनी चालवली जाते. नाव आले ते वाळूच्या टेकड्यांवर पळवल्या जाणाऱ्या खऱ्या ‘ड्यून बगी’वरून; ब्रूस मायर्स यांची १९६४ ची मायर्स मँक्स ही त्या जातीची सर्वांत ओळखीची गाडी. प्रस्तुत नोंद विजेवर चालणाऱ्या १/१० प्रमाणातील शर्यत-बगीपुरती आहे. १/८ प्रमाणाचा उल्लेख जेथे फरक पडतो तेथेच केला आहे. इंधन-इंजिनाच्या बग्या येथे घेतलेल्या नाहीत.

उगम : पहिली शर्यत-बगी कोणती, यावर एकमत नाही. तामिया कंपनीची रफ रायडर १९७९ मध्ये बाजारात आली. १/१० विद्युत बगीचा इतिहास बहुतेक लेखक तिच्यापासून सुरू करतात. मात्र ती मुळात हौसेसाठी केलेली प्रतिकृती होती. शर्यत लोकांनी नंतर तिच्यावर लादली. क्योशोच्या स्कॉर्पियनचे (१९८२) नावही काही जण पुढे करतात. शर्यतीचाच हिशेब मनात ठेवून बांधलेली गाडी असा निकष धरला, तर १९८४ मधील टीम असोसिएटेडच्या आरसी१० चा दावा अधिक बळकट दिसतो. तिची ॲल्युमिनियमची चासी (गाडीचा सांगाडा) आणि तेल भरलेले, जुळवता येणारे शॉक पुढच्या पिढ्यांनी थोड्याफार फरकाने उचलले. इफमार या आंतरराष्ट्रीय महासंघाची १/१० विद्युत बगींची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झाली, आणि तेव्हापासून हा प्रकार स्वतंत्र शर्यत म्हणून स्थिरावला.

त्या काळच्या गाडीत ब्रश असलेली मोटर, सहा निकेल-कॅडमियम घटांचा ७.२ व्होल्टचा संच आणि बऱ्याचदा सर्व्होने (संदेशानुसार ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) हलवला जाणारा यांत्रिक वेगनियंत्रक असे. ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर (लायपो) बॅटरी शर्यतींत रूढ झाल्या त्या साधारण २००५ ते २०१० या काळात. नेमके वर्ष संघटनेनुसार बदलते.

मोटर व ‘टर्न’चा घोळ : १/१० बगीत ५४० आकाराची, सुमारे ३६ मिमी व्यासाची, सेन्सर असलेली मोटर बसते. तिची ताकद वेढ्यांच्या, म्हणजे टर्नच्या आकड्याने सांगतात. टर्न कमी, तितका वेग व प्रवाह जास्त. तोच स्टेटर (वेढ्यांचा स्थिर भाग), तोच रोटर (चुंबकाचा फिरता भाग) आणि तीच जोडणी असेल, तर दर व्होल्टला मिळणारे मिनिटाचे फेरे, म्हणजे केव्ही, टर्नच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. ५४० वर्गात दोन्हींचा गुणाकार ढोबळमानाने ३८,००० च्या आसपास येतो. म्हणून १७.५ टर्नची मोटर सुमारे २,२०० केव्हीची आणि ७.५ टर्नची सुमारे ५,००० केव्हीची असते. टायमिंग, म्हणजे वेढ्यांतला प्रवाह किती लवकर बदलायचा ते, वाढवले की हे आकडे वर सरकतात. दोन कंपन्यांचे छापील केव्ही एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण मोजणी कोणत्या टायमिंगला केली हे क्वचितच सांगितलेले असते.

आकड्यातला अर्धा टर्न नवख्याला बुचकळ्यात टाकतो. सर्वसाधारण स्पष्टीकरण असे : प्रत्येक फेजची (वेढ्यांच्या तीन गटांपैकी एकाची) तार स्टेटरच्या एका टोकाने आत शिरते आणि ‘स्टार’ जोडणीचा, म्हणजे तिन्ही फेज जेथे एकत्र येतात तो, समाईक बिंदू दुसऱ्या टोकाला असतो, त्यामुळे शेवटचा वेढा अर्धाच पडतो. ब्रशच्या मोटरीत तार कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या भागाच्या) बाजूलाच परत येते, म्हणून तेथे पूर्ण आकडे दिसतात. जुन्या आणि नव्या आकड्यांची बरोबरी हा त्याहून वादाचा भाग आहे. ब्रशच्या काळातली ‘स्टॉक’ मोटर २७ टर्नची होती. तिच्या तोडीची म्हणून आधी १३.५ मानली गेली, पण लायपोचे जादा व्होल्ट आल्यावर ही जागा १७.५ ने घेतली. कोणत्याही तक्त्यातली समतुल्यता म्हणूनच त्या तक्त्याच्या बॅटरीसकट वाचावी. बॅटरी वगळून दिलेला तक्ता या संपादकांच्या मते निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष निवड सोपी आहे. मर्यादित वर्गात दोनचाकी चालनाला (मोटर फक्त मागची दोन चाके फिरवते त्या गाडीला) १७.५ आणि चारचाकी चालनाला बहुधा १३.५, असे नियमच सांगतात. खुल्या ‘मॉडिफाइड’ वर्गात दोनचाकीला ७.५ ते ८.५ आणि चारचाकीला ५.५ ते ६.५ टर्न चालतात. पकड कमी असलेल्या किंवा आखूड पट्टीवर दोनचाकी गाडीत ६.५ घालणारा वळणातून बाहेर पडताना मागची चाके नुसती फिरवत बसतो, आणि ८.५ वाला त्याच्या आतून निघून जातो. निवड चुकते ती जवळजवळ नेहमी याच दिशेने.

टायमिंग : सेन्सर-पाटी मागच्या झाकणाला जोडलेली असते. झाकण फिरवले की रोटरची स्थिती सांगणारे हॉल-संवेदक पुढे-मागे सरकतात आणि प्रवाह लवकर किंवा उशिरा बदलतो. टायमिंग पुढे घेतले तर टोकाचा वेग वाढतो, पण तळाचा पीळ (टॉर्क) घटतो, प्रवाह वाढतो आणि उष्णता झपाट्याने चढते. झाकणावर कोरलेले अंश दोन कंपन्यांचे जुळत नाहीत, कधी एकाच कंपनीच्या दोन मोटरींचेही जुळत नाहीत. त्यामुळे ‘अमुक अंशावर ठेवा’ हा सल्ला फारसा कामाचा नाही. मोटर मोकळी, भाराविना, ठरावीक व्होल्टवर चालवून प्रवाह व फेरे मोजावेत आणि झाकण थोडेथोडे फिरवत नोंद ठेवावी. फेऱ्यांची वाढ मंदावते पण अँपिअर चढतच राहतात, अशी जागा आली की त्याच्या अलीकडे थांबावे.

काही वेगनियंत्रक स्वतःहून विद्युतीय टायमिंग वाढवतात. याचे दोन प्रकार, बूस्ट व टर्बो. मर्यादित वर्गात त्यांना मज्जाव असतो. नियंत्रकाचे टायमिंग शून्य असल्याची खूण म्हणून त्याचा दिवा लुकलुकत राहतो, यावरून त्या वर्गाला ‘ब्लिंकी’ नाव पडले. झाकण फिरवण्याला मात्र तेथेही परवानगी असते. सारी चुरस त्यामुळे झाकणाच्या काही अंशांत आणि दातांच्या हिशेबात येऊन अडकते.

दातांचा हिशेब : अंतिम गुणोत्तर म्हणजे स्परचे (मोठ्या दातेरी चक्राचे) दात भागिले पिनियनचे (मोटरीच्या शाफ्टवरील लहान चक्राचे) दात, गुणिले गिअरपेटीचे आतले गुणोत्तर. पेटीचे गुणोत्तर २.६ असलेल्या गाडीत ७८ चा स्पर व २२ चा पिनियन लावला तर ९.२२ येते. ५,००० केव्ही व ७.४ व्होल्टला मोटर भाराविना मिनिटाला ३७,००० फेरे घेते, चाक त्यातले ४,०१४ घेते. ८४ मिमी व्यासाच्या टायरचा परीघ २६४ मिमी, म्हणजे कागदावर ताशी सुमारे ६४ किमी. त्याच पेटीत १७.५ साठी ७२ व ३२ दात (५.८५) धरले तर वेग ताशी ४४ किमीच्या घरात येतो. प्रत्यक्षात भारामुळे आकडा खाली येतो, तर वेगात टायर फुगल्याने थोडा वर जातो.

खरा निवाडा तापमापक देतो. पाच मिनिटांची फेरी संपताच मोटरीच्या कवचाचे तापमान घ्यावे. गाडी उभी राहिली की हवा थांबते आणि आतली उष्णता बाहेर येत राहते, त्यामुळे दोन मिनिटांनी घेतलेला आकडा दिशाभूल करतो. ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. रोटरच्या निओडिमियम चुंबकाची शक्ती अति उष्णतेने कायमची उतरते आणि मग तीच मोटर प्रत्येक फेरीत आणखी तापते. तापत असेल तर पिनियनचा एक दात कमी करावा. २२ मधला एक म्हणजे साडेचार टक्के, हा बदल लहान नाही. एका वेळी दात किंवा टायमिंग, दोन्हींपैकी एकच हलवावे.

पिनियन व स्पर यांतली जागा बेतण्यासाठी दोघांच्या मध्ये कागदाची पातळ पट्टी दाबून मोटर घट्ट करतात आणि मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढतात. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून पाहावा, कारण तो क्वचितच अगदी गोल असतो. पिनियनचा खिळस्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे.

वेगनियंत्रक : तोलायच्या गोष्टी तीन : सतत प्रवाह, बीईसीची क्षमता आणि सेन्सर-तारेची साथ. बीईसी म्हणजे बॅटरीतून रिसीव्हर व सर्व्हो यांना ६ किंवा ७.४ व्होल्ट पुरवणारा भाग. उडीनंतर पुढची चाके आदळली की सर्व्हो क्षणभर काही अँपिअर ओढतो. बीईसी दुबळा असेल तर व्होल्ट कोसळतात आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो. चालकाला वाटते रेडिओ तुटला. रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत कपॅसिटर लावल्याने हे बऱ्याचदा थांबते. तरीही थांबले नाही तर बीईसी बदलावा लागतो.

ए, बी, सी या तीन तारा मोटरवरच्या त्याच अक्षरांना जोडाव्यात. सेन्सर असलेल्या मोटरीत दोन तारा अदलाबदल करून दिशा उलटवता येत नाही. तसे केल्यास मोटर अडखळते आणि नियंत्रक जळू शकतो. डाखासाठी ६० वॉटच्या वरची, रुंद टोकाची डाख-इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) घ्यावी. जाड तार उष्णता शोषून घेते, त्यामुळे लहान इस्त्रीचा डाख वरून चमकतो आणि आत कच्चा राहतो. असा सांधा तापतो, त्याचा रोध वाढतो आणि गाडी धावपट्टीच्या तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यानंतर मंदावते. दोष मग मोटरीला दिला जातो.

जुळणीत पंच (निघतानाचा जोर), ब्रेक, ड्रॅग ब्रेक आणि स्पंदन-वारंवारता या गोष्टी येतात. ड्रॅग ब्रेक म्हणजे ट्रान्समीटरचा वेगाचा चाप मध्यावर आणताच आपोआप लागणारा ब्रेक. दोनचाकी बगीत ब्रेक फक्त मागच्या चाकांना मिळतो, म्हणून घसरत्या पट्टीवर ५ टक्केही जास्त होतात आणि गाडीची शेपूट पुढे येते; गालिचा किंवा कृत्रिम गवतावर १० ते १५ टक्के खपतात व नाक वळणात खाली राहते. वारंवारता कमी केली की सुरुवातीचा झटका जाणवतो, वाढवली की चाप मऊ होतो पण नियंत्रक तापतो. मागच्या टोकाची पकड शॉकच्या तेलातून शोधणाऱ्याने त्याआधी हे दोन आकडे पाहावेत. ते बदलायला निम्मे मिनिट पुरते.

सर्व्हो व रेडिओ : १/१० ला बुटका, ०.०८ ते ०.१० सेकंदांत ६० अंश फिरणारा, ८ ते १२ किलो-सेंमी पिळाचा सर्व्हो पुरतो. १/८ ला २० च्या वर पीळ लागतो. हॉर्नच्या (सर्व्होच्या शाफ्टवर बसणाऱ्या हाताच्या) दातांची संख्या कंपनीनुसार २३, २४ किंवा २५ असते. जुळत नसलेला हॉर्न जोर लावून बसवल्यास दात कापले जातात.

पूर्वीचे २७ व ४० मेगाहर्ट्झचे, क्रिस्टल बदलायचे संच जाऊन २.४ गिगाहर्ट्झचे, आपोआप वाहिनी बदलणारे संच आले, आणि दोन चालक एकाच क्रिस्टलवर सापडण्याचा धोका संपला. रिसीव्हरच्या ॲन्टेनाचे उघडे टोक सुमारे ३१ मिमी, म्हणजे तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते. ते कापू नये, दुमडू नये, कार्बनच्या पट्टीला वा बॅटरीच्या तारेला चिकटवू नये.

जुळणीचा क्रम असा : आधी ट्रान्समीटरचे सर्व ट्रिम (मध्य किंचित सरकवणाऱ्या जुळण्या) शून्यावर, मग नियंत्रकाला चापाचे मध्य, पूर्ण पुढे व पूर्ण मागे शिकवणे. त्यानंतर हॉर्न काढून सर्व्हो चालू करणे, मध्यावर आल्यावर हॉर्न काटकोनात बसवणे आणि शेवटी दोन्ही टोकांच्या मर्यादा घालणे. मर्यादा जास्त ठेवली तर चाके अडकूनही सर्व्हो ढकलत राहतो, गुणगुणतो व तापतो. फेलसेफला (संदेश तुटल्यावर गाडीने घ्यायच्या स्थितीला) ब्रेकची स्थिती द्यावी आणि चाके उचलून, ट्रान्समीटर बंद करून ती एकदा तपासावी.

बॅटरी : १/१० ला दोन घटांची (७.४ व्होल्ट), कठीण कवचाची लायपो वापरतात, आटोपशीर ‘शॉर्टी’ आकार दोनचाकीत सोयीचा, कारण तो पुढे-मागे सरकवून वजन बदलता येते. पूर्ण चार्ज घटाला ४.२० व्होल्ट, म्हणजे संचाला ८.४० व्होल्ट. तपासणीच्या टेबलावर याहून जास्त आढळल्यास गाडी बाद होते. नियंत्रकाचा तोडबिंदू (ज्या व्होल्टला तो पुरवठा थांबवतो तो) दर घटाला ३.२ व्होल्टच्या आसपास ठेवावा. शर्यती नसताना दर घट ३.८ व्होल्टवर ठेवतात. फुगलेला संच वापरू नये.

चासीशी संबंध : दोनचाकीत चासीची उंची गालिच्यावर २० ते २२ मिमी, मातीवर २४ ते २६ मिमी ठेवतात. मागच्या चाकांना ३ अंश टो-इन (पुढची कड आत वळवणे), सर्व चाकांना उणे १ ते २ अंश कँबर (वरची कड आत कलवणे). गिअर-डिफरेन्शियलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीत) ३,००० ते ७,००० सेंटिस्टोकचे (दाटपणाचे एकक) तेल चालते. स्लिपर (जादा जोर आला की घसरणारा क्लच) असलेल्या गाडीत तो निघताना अर्धा-एक फूट घसरेल इतका सैल ठेवतात. करकचून आवळल्यास मोटरीचा झटका थेट स्परवर येतो आणि दात झिजतात.

१/८ ची विद्युत बगी चार घटांच्या बॅटरीवर, १,९०० ते २,१०० केव्हीच्या जाड मोटरीवर चालते. तिचा मधला डिफरेन्शियल ताकद पुढे-मागे वाटतो. विद्युत मोटरीचा पीळ क्षणात येत असल्याने पातळ तेल असेल तर सारी ताकद हलक्या पडलेल्या पुढच्या चाकांकडे पळते आणि टायर फुग्यासारखे फुगतात, म्हणून मध्ये इंधनाच्या गाडीहून दाट तेल भरतात. ५,००० चे तेल असताना पुढचे टायर फुगताना दिसले तर ७,००० वर जावे, मोटर बदलू नये.