धूर स्वच्छ कसा झाला: कार्बोरेटर ते कन्व्हर्टर

थंडीत गाडी चालू केली की सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकतं. त्यात बिघाड काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. जोडीला सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइडही निघतो आणि तो कुठलाच कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू रासायनिक क्रियेने निरुपद्रवी करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) अडवत नाही. त्यामुळे ‘स्वच्छ धूर’ म्हणायचं ते कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन (हायड्रोकार्बन) आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, एवढ्यापुरतंच.

या धुराचा माग लागला तो लॉस एंजेलिसमध्ये. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तिथलं डोळे झोंबवणारं धुरकं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर ऊन पडून तयार होतं. तेव्हा सगळी घाण सायलेन्सरमधूनच येत होती असंही नाही. पिस्टन रिंगांमधून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळच्या भागात) उतरलेला वायू सरळ बाहेर सोडलेला असे, आणि उभ्या गाडीच्या टाकीतून, कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) पेट्रोल उडत राही. पहिल्यावर तो वायू परत इंजिनात जाळायला नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, दुसऱ्यावर पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा कॅनिस्टर. दोन्ही स्वस्त आणि साधे उपाय, म्हणूनच ते आधी झाले.

खरा बदल १९७० च्या अमेरिकी कायद्याने घडवला. धुरातली घाण सुमारे ९० टक्के कमी करा, असं त्याने उत्पादकांना बजावलं. १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर बसू लागले. पेट्रोलमधल्या शिशाचा थर बसला की त्यातलं प्लॅटिनम निकामी होतं, म्हणून त्या गाड्यांना बिनशिशाचं पेट्रोल सक्तीचं झालं. शिसं हटण्यामागे आरोग्याइतकीच ही तांत्रिक अडचणही होती. साठच्या दशकातली गाडी मैलामागे ८० ग्रॅमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड सोडत असे. १९८१ ची मर्यादा होती ३.४ ग्रॅम.

थ्री-वे कन्व्हर्टर तिन्ही विषं एकदम मारतो, पण एका अटीवर: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने. साध्या कार्बोरेटरला हे प्रमाण धरून ठेवणं जमत नाही. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. व्होल्वोने तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणला. त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान हेलकावत असतं आणि त्यावरून ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते क्षणोक्षणी ठरवतो.

डिझेलचं गणित वेगळं. तिथे हवा कायम जास्त, त्यामुळे थ्री-वे चालत नाही. काजळीला फिल्टर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांना युरियाचा फवारा लागतो. कागदावरची मर्यादा आणि रस्त्यावरचा धूर यांत किती अंतर असू शकतं, ते २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणात, चाचणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर सापडलं तेव्हा, उघड झालं.

पेट्रोल गाडीतही कन्व्हर्टर साधारण २५०–३०० अंशांपर्यंत तापेपर्यंत फारसं काम करत नाही. चाचणीतली बरीचशी घाण पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच निघते. रोज दोन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीला त्याचा फायदा कमीच. आणि प्लग किंवा कॉइल खराब होऊन मिसफायर होत असेल (सिलिंडरमधलं पेट्रोल पेटतच नसेल) तर कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली सिरॅमिक जाळी वितळते. तिचं काम संपलं की कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर त्याच्या पुढच्यासारखाच हेलकावू लागतो आणि इंजिनचा दिवा लागतो. नुसता कन्व्हर्टर बदलून उपयोग नाही. मिसफायर तसाच राहिला तर नवाही जळतो.